थोरलीचा ढिला दोर

"वडू नगं. दोर ढिला सोड," थोरली ओरडली तेव्हा पाणी माझ्या मांड्यांना लागलं होतं.

मी आमच्या बुधी गाढवीचा दोर दोन्ही हातांनी ओढत होते. काठ समोर दिसत होता, फार तर शंभर पावलांवर. बुधीने चारी पाय रोवले होते आणि ती मान डावीकडे वळवत होती. मागे काळ्या आणि तांबडी ही आमची दोन गाढवं ओल्या रेतीच्या गोण्यांसकट चिखलात गुडघ्यांवर बसली होती. थोरली काळ्याच्या पाठीवरच्या गोणीची गाठ दातांनी सोडवत होती. भिजलेला काथ्या फुगतो, गाठ सुटत नाही. पाणी समुद्राकडून येत होतं. पूर म्हणजे वरून येणार, डोंगराकडून येणार, एवढंच आम्हा दोघींना माहीत होतं. खाडी भरलेली आम्ही पाहिली होती, सुकलेली पाहिली होती. भरताना कधी पाहिली नव्हती.

थोरली म्हणजे माझी थोरली जाऊ. तोंडावर मी तिला आक्का म्हणत असे, पण घरात आणि वस्तीत ती सगळ्यांची थोरलीच होती. आम्ही घाटावरचे. जातीने कुंभार, पण चाक सासऱ्यांच्या वेळीच सुटलं होतं. गाढवांवर माती, विटा, रेती वाहायची, हाच धंदा. तारापूरला विजेचं मोठं केंद्र उभं राहणार, बोईसरकडे चाळी बांधायच्या आहेत, असं कानावर आलं आणि आमचं घर आठ गाढवं घेऊन घाट उतरलं. ट्रक हमरस्त्याला यायचे. तिथून पुढे गल्लीबोळात रेती न्यायला गाढवंच लागत. मी नवी सून, सतरा वर्षांची. थोरली पस्तिशीची असेल. विधवा. मूलबाळ नव्हतं. वस्तीतल्या बायकांनी खोदून विचारलं तर म्हणायची, "आठ हायती. चार पायांची." मग त्या बायका पुन्हा विचारत नसत.

ती मायाळू होती असं मी म्हणणार नाही. सकाळी मिश्री लावून होईपर्यंत तिच्याशी कोणी बोललेलं तिला चालायचं नाही. शिव्या तिच्या तोंडात कायम. माझी भाकरी जाड झाली की थोरली ती उचलून उजेडात धरायची आणि म्हणायची, "हिच्यावर घर बांधता यील." माझा नवरा, म्हणजे तिचा धाकटा दीर, म्हणायचा, "वहिनी गाढवाला कुरवाळती आन माणसाला लाथ घालती." ती म्हणायची, "गाढवाला एकदा सांगितलं की कळतं, भावजी."

पण दोर ओढताना तिला कोणी पाहिलं नाही. आमच्या लोकांत तेव्हा आणि नंतरही एकच रीत होती. शिंगरू दोन वर्षांचं होईपर्यंत मोकाट फिरू द्यायचं. त्याला कोणी हात लावायचा नाही. मग एक दिवस चौघांनी धरायचं, पाय बांधायचे, भरलेली गोणी आवळायची आणि ते लाथा झाडायचं थांबेपर्यंत फोकाने बडवायचं. याला 'पहिली गोणी' म्हणत. त्या दिवशी पुरुष पितही असत. माझा नवरा म्हणायचा, "एका दिसात काम हुतं." थोरली म्हणायची, "व्हय. आन दोन वर्सांत पाय जातात."

तांबडी व्यायली ती बुधवारी, म्हणून शिंगराचं नाव बुधी. तिसऱ्या दिवशी थोरली सुपात मसूर घेऊन गोठ्यासमोर उन्हात जाऊन बसली. शिंगराकडे पाठ करून. मला वाटलं, ऊन खायला बसली असेल. दुसऱ्या दिवशीही तसंच. चौथ्या दिवशी बुधी आपल्या पायांनी आली आणि तिच्या मानेला हुंगून गेली. थोरलीने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मसूर निवडत राहिली. मी म्हटलं, "आक्का, हात तरी लावायचा." तर म्हणाली, "तू लग्नात पयल्याच दिशी गप्पा मारायला आलीवतीस व्हय माज्यापाशी?"

आठवड्याने तिने कानाच्या मुळाशी खाजवायला सुरुवात केली. मग मान, मग खांदा, मग पाय. जुन्या लुगड्याची मऊ म्होरकी वळून तोंडावर अडकवली. धडा किती? तंबाखूची एक चिमूट तोंडात विरघळेल तेवढा. बुधीने सांगितलेलं एकदा नीट केलं की थोरली थुंकायची आणि म्हणायची, "आज एवढंच." मला ते पटायचं नाही. आत्ता जमलंय तर आणखी चार वेळा करून घ्यावं, असं मला वाटे. शाळेत आम्हाला पाढे तसेच घोकायला लावत. थोरली म्हणायची, "जमल्यावर सोडलं तर उद्या ती आपून हून यील. जमल्यावर परत परत केलं तर तिला वाटंल, आपलं चुकलंय."

दोर हातात देण्याआधी तिने मला गाढव केलं. खरंच केलं. अंगणात माझ्या मनगटाला दोर बांधला आणि दुसरं टोक धरून हिसडा दिला. मी आपोआप मागे रेटले. तिने आणखी ओढलं, मी आणखी रेटले. वस्तीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. एक म्हणाली, "थोरले, हिला कधी लादणार?" थोरलीने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. तिने दोर नुसता ताणून धरला, हिसडा दिला नाही. मी कंटाळून एक पाऊल पुढे टाकलं. त्या क्षणी तिने हात सैल सोडला आणि दोर जमिनीला टेकला. हाताला एकदम इतकं बरं वाटलं की मी दुसरं पाऊल टाकलं. "कळलं?" ती म्हणाली. "म्होरं आली की ढिला. तेवढंच तिचं बक्षीस." मला तेव्हा लाजेने रडू येत होतं. पण कळलं होतं.

पुढचं वर्षभर आम्ही दोघी हेच करत होतो, काम सांभाळून. बुधीचे खूर उचलायचे, ठेवायचे. पाठीवर रिकामं पोतं टाकायचं, काढायचं. केंद्राच्या बाजूला खडक फोडायला सुरुंग लावत. आवाज झाला की बाकीची गाढवं उधळायची, गोण्या टाकायची. थोरली सुरुंगाच्या वेळेला कनवटीला कोंडा बांधून बुधीजवळ उभी राहायची. धडाड आवाज झाला की मूठभर कोंडा. दोन महिन्यांत असं झालं की सुरुंग उडाला की बुधी थोरलीच्या कंबरेकडे बघायची.

शेपटीचंही तसंच. मागून हात लावला की शिंगरू लाथ मारतं. थोरली रोज शेपटीवरून हात फिरवायची, मग शेपटी धरून तिच्या मागे मागे चालायची. माझा नवरा म्हणाला, "वहिनी, शेपूट धरून कुठं सर्गाला जायाचंय का?" ती म्हणाली, "चढावर दम लागतो मला. वडून नील."

आणि पाणी. गाढव पाण्यात पाय घालत नाही. त्याला तळ दिसत नाही, म्हणून घालत नाही. यात त्याचं काही चुकत नाही. थोरलीने आधी अंगणात बादली सांडली, मग रस्त्यावरचं डबकं, मग शेताच्या कडेचा ओहोळ. प्रत्येक ठिकाणी ती दोर ढिला सोडून उभी राहायची. बुधी मान खाली घालायची, हुंगायची, एक पाय आपटून बघायची, मागे घ्यायची. कधी कधी यात अर्धी सकाळ जायची. मुकादम ओरडायचा. थोरली म्हणायची, "तिला बघू द्या. आपल्याला वरून दिसत न्हाय ते तिला पायानं कळतं."

बुधी दीड वर्षाची झाली तेव्हा अंगाने चांगली भरली होती. मुकादम म्हणाला, "ही रिकामी काय मिरवते? उद्यापासून लादा." माझा नवराही म्हणाला. थोरलीने सरळ नाही म्हटलं. "हाडं कच्ची हायती. अजून एक वरीस नुसतं पोतं." नवरा म्हणाला, "घरात कोण ठरवतं?" ती म्हणाली, "घरातलं तुमी ठरवा. हिचं मी." ती भांडली नाही, आवाजही चढवला नाही. दुसऱ्या दिवशी बुधी रिकामं पोतं पाठीवर घेऊन आईच्या मागे चालत होती. नवऱ्याने दोन दिवस थोरलीच्या हातचं पाणी घेतलं नाही.

आता माझं सांगते. मी चौथी पास होते. घरात वाचता येणारी मी एकटी. घड्याळ नव्हतं, पण कामावर दुपारचा भोंगा वाजायचा तो बारा वाजता, हे मी सगळ्यांना सांगत असे. त्या हिवाळ्यात आम्हाला घिवली गावाच्या बाजूने रेती आणायची होती. सकाळी रिकामी गाढवं घेऊन लांबच्या वाटेने जायचं आणि भरून परतायचं. परतताना मधे एक चिंचोळी खाडी लागायची. वळसा घातला तर दुपार मोडायची. पहिल्या दिवशी भोंगा झाला आणि पाहिलं तर खाडी कोरडी. दुसऱ्या दिवशी भोंग्याला कोरडी. तिसऱ्या दिवशी घोट्याएवढं पाणी, तेही ओसरत होतं. मी थोरलीला सांगितलं, "आक्का, भोंगा झाला की खाडी रिकामी असती. मी ध्यान ठेवलंय."

थोरलीने माझ्याकडे पाहिलं. जनावराशिवाय ती कुणावर विसंबायची नाही. त्या दिवशी म्हणाली, "शिकल्याचा उपयोग झाला म्हणायचा." दीड वर्षात तिने माझं केलेलं एवढंच कौतुक.

मग तिला ताप आला. दहा दिवस आम्ही रेतीला गेलो नाही. अकराव्या दिवशी निघालो. मी, थोरली, तांबडी आणि काळ्या. बुधी सोबत, पोतं पाठीवर. नवरा दुसऱ्या गाढवांबरोबर विटांवर गेला होता. रेती भरली आणि भोंग्याच्या सुमाराला खाडीशी आलो. खाडी कोरडी होती. नेहमीसारखीच. थोरलीने वरच्या अंगाला, डोंगराकडे पाहिलं. आभाळ स्वच्छ. पावसाचे दिवस नव्हते. पाणी येण्यासारखं काही नव्हतं.

बुधी काठावर थांबली. मान खाली घालून हुंगलं, पाय आपटला, मागे सरली. पुन्हा हुंगलं. थोरली दोर ढिला सोडून उभी राहिली. तिच्या अंगात ताप होता अजून, ओठ फुटले होते. मी मागे दोन भरलेली गाढवं धरून उभी होते आणि मला घरी जायचं होतं.

मी म्हटलं, "आक्का, भोंगा झालाय. रोजचीच वाट हाय. चला की."

थोरलीने दोर ओढला. मी तिला दोर ओढताना एकदाच पाहिलं, ते तेव्हा. बुधी उतरली.

अर्ध्यात गेलो तोवर पायाखालची रेती ओली झाली. मला वाटलं, ओल असेल. मग डाव्या हाताला बारीक सळसळ आली, आणि पाहते तो पाणी पसरत येत होतं. फेस नाही, लाट नाही. सांडलेल्या दुधासारखं सगळीकडून. आम्ही घाई केली आणि घाईत चिखलाच्या जागेत शिरलो. ओझ्याने काळ्या आधी बसला, त्याच्या मागे तांबडी. थोरलीने बुधीचा दोर माझ्या हातात दिला आणि ती मागे वळली. बाकी सुरुवातीला सांगितलंच आहे.

"वडू नगं," ती म्हणाली. "सोड ढिला. ती जाईल तिकडं जा."

"काठ इकडं हाय, आक्का."

"काठ दिसतोय. वाट दिसतीय का तुला?"

मी दोर सोडला. बुधीने मान खाली घालून पाण्याला नाक लावलं, जसं अंगणातल्या बादलीच्या पाण्याला लावलं होतं. एक पाय आपटला. आणि ती डावीकडे, काठापासून दूर, समुद्राच्या बाजूला निघाली. मी थोरलीकडे पाहिलं. ती तांबडीची गोणी सोडवून काळ्याकडे परत आली होती. पाणी तिच्या कमरेवर होतं. ती उंच होती, माझ्या तर छातीला लागलं होतं.

"चला तुमी बी," मी म्हटलं.

"शेपूट धर. मी आलेच. एवढी गाठ सुटत आलीय." मग ती काळ्याला म्हणाली, "ऊठ रं भाड्या, काय बसलाईस नवऱ्यावानी." तिचं शेवटचं बोलणं ते. मरताना माणसं शहाणपणाचं काही बोलतात म्हणे. तिने गाढवाला शिवी दिली.

मी बुधीची शेपूट धरली. तिने लाथ मारली नाही, दचकलीसुद्धा नाही. काही पावलं ती पोहत होती आणि मी ओढली जात होते. मग माझ्या पायाला दगड लागला. खाडीत तिथे खडकाची एक लांब पट्टी होती, वरून दिसत नव्हती. तिच्यावर धारदार शिंपल्यांची कालवं चिकटलेली. माझे दोन्ही तळवे कापले गेले. ते व्रण अजून आहेत. बुधी त्या खडकावरून एकेक पाय आपटत, थांबत, वाकडीतिकडी चालत राहिली आणि मी कुठेही ओढलं नाही. आम्ही काठाला लागलो ते जिथे जायचं होतं तिथून कितीतरी खाली.

वळून पाहिलं तेव्हा तांबडीची मान पाण्यावर होती, समुद्रातून येणाऱ्या पाण्याबरोबर वर जात होती. थोरलीचा एक हात काळ्याच्या आयाळीत होता. नंतर पाणीच दिसलं. मी हाका मारल्या. बुधीही ओरडली, आईसाठी. तिचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता. तो ऐकून कोळी धावत आले. त्यांनी होडी घातली. थोरली त्यांना संध्याकाळी, ओहोटीला मिळाली. काळ्याचा दोर तिच्या हाताला गुंडाळलेला होता.

थोरलीचे दिवस झाल्यावर काशी आली. ही घिवलीची मासे विकणारी बाई. आमच्या वस्तीत रोज यायची, आमच्या अंगणात टोपली उतरवून पाणी प्यायची. तिने मला विचारलं, "बाय, तुमी कवा उतरल्या खाडीत?" मी सांगितलं, भोंग्याला. तिने बोटांवर काही मोजलं. मग म्हणाली, "पानी भोंग्याव नाय चालत, बाय. चांदाव चालते. आठमीला दुपारी सुकी, पंचमीला दुपारी भरती. रोज थोडी थोडी पुढं जाते. आमची पोरं पन सांगतील."

काशी रोज आमच्या अंगणात पाणी प्यायची. तिला एका शब्दाने विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. मी विचारलं नाही, कारण मी चौथी पास होते. आणि बुधीने काठावर सांगितलं होतं, तेही मी ऐकलं नाही. हे मी कधी कुणापासून लपवलेलं नाही. नवऱ्याला त्याच रात्री सांगितलं. तो उठून गाढवांना पाणी दाखवायला गेला. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. काही उपयोग झाला नसता.

दोन गाढवं गेल्यावर ओझं वाहायला पाठी कमी पडायला लागल्या. नवरा पंधरा दिवसांनी म्हणाला, "बुधीला लादूया." मी चुलीपाशी होते. उठले आणि म्हटलं, "हाडं कच्ची हायती. अजून एक वरीस नुसतं पोतं." लग्नानंतर मी त्याला पहिल्यांदा नाही म्हटलं होतं. तो म्हणाला, "तुला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "तुमाला म्हायतीय कोणी." तो बाहेर गेला आणि विटांवर निघून गेला. तो विषय पुन्हा निघाला नाही.

वर्षाने मी बुधीच्या पाठीवर आधी कोंड्याचं पोतं ठेवलं. मग अर्धी गोणी. मग पाऊण. फोक लागला नाही, चौघे लागले नाहीत. तिने नंतर माझ्याकडे एकोणीस वर्षं काम केलं आणि तिचे पाय शेवटपर्यंत सरळ होते. तिची पाच आणि इतरांची कितीतरी शिंगरं मी शिकवली. पालघर, माहीमपर्यंतचे लोक आपली शिंगरं आणून सोडायचे. म्हणायचे, म्हातारीच्या हाताला गुण आहे. हाताला काही नाही. मी सुपात मसूर घेऊन पाठ करून बसते, आणि एकदा जमलं की उठते.

खाडीवर पुढे पूल झाला. मी त्यावरूनही काशीने सांगितलेली तिथी मोजल्याशिवाय जात नाही. सुना हसतात, हसू देत.

त्या दिवशी आम्ही दोघी बायका आणि तीन गाढवं खाडीत उतरलो होतो. वर आलो ते मी आणि बुधी.